संमिश्र माल

न्हावा शेवा बंदरातील एका क्लिअरिंग एजंटाच्या पेढीत एकतीस वर्षे बिल ऑफ एंट्री भरण्यात ज्याची हयात गेली, त्याला निवृत्तीनंतरही जगातील कोणतीही वस्तू नुसती वस्तू म्हणून पाहता येत नाही. ती कोणत्या चॅप्टरात बसते आणि तिच्यावर ड्युटी किती, हे ठरल्याखेरीज त्याच्या जिवाला स्वास्थ्य लाभत नाही. लग्नाच्या मांडवात इतर पाहुणे रुखवताचे कौतुक करीत असता मी मनातल्या मनात स्टीलची भांडी त्र्याहत्तराव्या चॅप्टरात टाकतो, मण्यांचा मोर कोठे घालावा या विवंचनेत खांबाला टेकून उभा राहतो, आणि तेवढ्यात पहिली पंगत उठून जाते. १९७५ च्या कस्टम टॅरिफ कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जिवंत घोड्यापासून शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूपर्यंत सृष्टीतील यच्चयावत् पदार्थांची सोय लावलेली असून, ज्याची सोय कोठेच लागत नाही अशा अनाथ मालासाठी ठिकठिकाणी ‘इतर’ नावाची धर्मशाळाही बांधून ठेवलेली आहे. मला बसवता आला नाही असा माल एकतीस वर्षांत बंदरात उतरला नाही. तो उतरला आमच्याच घरात, जून महिन्यात, पाठीला लॅपटॉपची पिशवी लावून.

हा माल म्हणजे माझा सख्खा भाचा. माझी धाकटी बहीण न्हावा गावी दिली आहे. (‘न्हावा शेवा’ हे नाव परदेशचे जहाजवाले एका दमात घेत असले तरी वस्तुतः ती दोन गावे, पैकी न्हावा आपल्या जागी आहे आणि शेवा बंदरासाठी जागचे उठून ‘नवीन शेवा’ म्हणून दुसरीकडे वसले. तेव्हा दोन भिन्न जिनसा एका चिठ्ठीखाली बांधण्याचा प्रघात आमच्याकडे बंदराच्या नावापासूनच पडलेला आहे.) बहिणीच्या घरी मोबाइलची रेंज खोलीगणिक बदलते आणि माझे घर स्टेशनापासून जवळ, या दोन सबबींवर भाचेरावांचा मुक्काम आमच्याकडे हलला. १२ जानेवारी २०२४ रोजी, ज्या दिवशी शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतू खुला झाला त्याच दिवशी, उरणपर्यंत रेल्वेही धावू लागली आणि आम्हांस न्हावा शेवा नावाचे स्वतःचे स्टेशन मिळाले. मात्र त्या रेल्वेने पनवेलला जायचे तर आधी बेलापुरापर्यंत वर जाऊन, तेथे गाडी बदलून, पुन्हा खाली उतरावे लागते. भाचेरावांचे कॉलेज पनवेलपलीकडे. हा वळसा घेऊन जाणाऱ्या मुलाचा अभ्यासक्रमही वळशाचाच असावा, यात मला त्या वेळी नवल वाटले नाही.

अभ्यासक्रमाचे नाव सांगायला भाचेरावांना दोन श्वास लागतात. संगणकशास्त्र हा मुख्य विषय व डिजिटल कला हा गौण विषय घेऊन होणारी ही पदवी, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील कुंपणे काढून टाकल्यामुळे शक्य झाली असे तो म्हणतो. कॉलेजातली मुले यास मेजर आणि मायनर म्हणतात. आमच्या मातोश्रींनी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, ‘मेजर’ हा शब्द कानी पडताच नातू फौजेत गेला असे समजून शेजारणीला बातमी देऊन टाकली. मला अडचण पडली ती ‘मायनर’ची. कोर्टकचेरीत मायनर म्हणजे अज्ञान, आणि सातबाऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ लिहून पालनकर्त्याचे नाव घालण्याची वहिवाट आहे. त्या न्यायाने या पदवीत डिजिटल कला ही अज्ञान असून तिचे पालनकर्ते संगणकशास्त्र, असा नोंदीचा अर्थ निघतो. भाचेरावांना हे सांगितले तेव्हा त्यांनी सातबारा म्हणजे काय असे विचारले, आणि ज्या घरात गेलेल्या जमिनीपोटी मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून दोन पिढ्या भाऊबंदकी चालली त्या घरच्या मुलाने हे विचारावे, याचे मला फार वाईट वाटले.

या धोरणाची दुसरी कलमे मात्र माझ्या तात्काळ ध्यानात आली. एक वर्ष पुरे केले तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका, तीन केली तर पदवी, आणि चार केली तर सन्मानपूर्वक पदवी. आमच्या धंद्यात यालाच बॉण्डमधून माल सोडवणे म्हणतात. आयातदाराजवळ एकदम ड्युटी भरण्याइतका पैसा नसला म्हणजे तो माल बॉण्डेड गोदामात ठेवतो आणि गरजेप्रमाणे, ऐपतीप्रमाणे, थोडा थोडा बाहेर काढतो. विद्येचा माल असा हप्त्याहप्त्याने सोडवून घेण्याची सोय आमच्या वेळी असती, तर बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षात अडकून पडलेले माझे कित्येक समवयस्क आज पदविकाधारी म्हणून सुखाने फिरले असते.

आता अशी पदवी घेण्याची बुद्धी मुलाला का झाली, तर तिच्या मुळाशी एक तडजोड आहे, आणि तडजोडीच्या मुळाशी एक वाहतूक कोंडी. आमचे मेहुणे कंटेनरचा ट्रेलर चालवतात. २७ जून २०१७ रोजी युक्रेनातील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला संगणकी विषाणू दोन-चार प्रहरांत जगभर पसरला, त्याने एका बड्या जहाज कंपनीचे संगणक निकामी केले, आणि त्या तडाख्यात आमच्या बंदरातील एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कोठल्या तरी देशातल्या हिशेबनिसाचा संगणक आजारी पडला म्हणून उरणच्या रस्त्यावर मेहुण्यांनी दोन रात्री केबिनमध्ये काढल्या, वडापावावर. तिसऱ्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाहीर केले की, ज्याच्या हातात संगणक त्याच्या मागे रांग, आणि आपला मुलगा यापुढे रांगेच्या पुढच्या टोकाला असेल. मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत होता आणि वहीच्या मागच्या पानांवर बगळे काढीत होता. पुढे बापाचा संगणक आणि मुलाचे बगळे यांत आठ-नऊ वर्षे जो तह चालला त्याचा अंतिम मसुदा म्हणजे ही पदवी होय.

आमच्या तरुणपणी असा तह संभवतच नव्हता. चित्र काढणारा मुलगा असला तर तो बोरीबंदराला उतरून १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. स्कूलची वाट धरी, आणि गणिताचा असला तर पवईच्या दिशेला तोंड करून उसासे टाकी. दोघांच्या वाटा एकमेकींना कोठे छेदीत नसत. (पवईला आय.आय.टी.तच १९६९ पासून डिझाइनचे स्वतंत्र केंद्र आहे, हे मला या मुलाच्या प्रवेशाच्या धावपळीत कळले; तोवर तेथे केवळ लोखंडाचे शिक्षण मिळते असा माझा समज होता.)

प्रवेश झाला आणि प्रश्नांना तोंड फुटले. वकील होणाऱ्याला कोणी ‘म्हणजे नक्की काय?’ असे विचारीत नाही. भाचेरावांना ते रोज विचारले जाते. शेजारच्या निवृत्त हवालदारांनी त्यांना आपला प्रिंटर दुरुस्तीस दिला. किराणा दुकानदाराने जुनी पाटी रंगवून देशील का म्हणून विचारले. आणि गावातील तरुण मंडळींनी, जास्त चर्चा न करता, त्यांची फ्लेक्सच्या कामावर नेमणूक करून टाकली. रायगड जिल्ह्यात कोणाचाही वाढदिवस, कोणाचीही हळद, कोणाचीही निवड फ्लेक्सवाचून कायदेशीर समजली जात नाही, आणि फ्लेक्सवर मजकुरापेक्षा मुंडकी जास्त असावी लागतात. पहिल्याच हळदीच्या बॅनरवर भाचेरावांना बेचाळीस मुंडकी बसवायची होती. ती मानाच्या क्रमाने लहानमोठी करायची हा संकेत. तेव्हा त्यांनी विचार केला की, टोनी होर नामक इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने १९६१ साली प्रसिद्ध केलेली ‘क्विकसॉर्ट’ ही क्रमवारी लावण्याची युक्ती आपण पहिल्याच वर्षी शिकलो आहोत, तिचाच उपयोग करावा. बेचाळीस माणसांची यादी घेऊन ते मंडळींना दोघादोघांविषयी विचारीत बसले: यांत मोठा कोण? माजी सरपंच मोठे की मंडळाचे अध्यक्ष? सरपंच. अध्यक्ष मोठे की नवऱ्याचे मामा? अध्यक्ष. मग नवऱ्याचे मामा आणि सरपंच यांत? यावर मंडळींनी एकमुखाने सांगितले की, हळदीत मामाच्या वर कोणी नाही.

भाचेराव रात्री माझ्याजवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. “मामा, पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा आणि दुसरा तिसऱ्यापेक्षा मोठा, तर पहिला तिसऱ्यापेक्षा मोठा असायलाच पाहिजे. नाहीतर जगातली कुठलीच क्रमवारी लागत नाही.” मी म्हटले, बाबा रे, पंगतीत पान कोणाचे आधी मांडायचे यावरून ज्या गावात तीन वर्षे बोलणे बंद होते तेथे तुझ्या इंग्रजाचे काय चालणार! शेवटी त्यांनी बेचाळीसही मुंडकी गोल रिंगणात, एकाच मापाची बसवली. बॅनर लागला. कोणीच संतुष्ट झाले नाही, पण कोणीच कोणापेक्षा अधिक असंतुष्टही झाले नाही, आणि माझ्या मते संगणकशास्त्र व कला यांचा खराखुरा संगम त्या पदवीच्या पहिल्या वर्षात झाला तो तेवढाच.

मला मात्र वर्गीकरणाचा प्रश्न स्वस्थ बसू देईना. टॅरिफात दोन-दोन हेडिंगांत बसू पाहणाऱ्या मालासाठी तिसरा नियम आहे आणि तो मला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. पहिले पोटकलम असे की, ज्या हेडिंगात मालाचे वर्णन अधिक नेमके असेल ते घ्यावे. दुसरे असे की, माल संमिश्र असेल तर त्यास त्याचे मुख्य स्वरूप कोणत्या घटकाने दिले ते पाहावे. आणि तेही ठरत नसेल तर तिसरे पोटकलम सांगते की, वाद पुरे. आकड्यांच्या क्रमात जे हेडिंग शेवटी येईल त्यात माल टाकून मोकळे व्हावे. आता संगणक येतो चौऱ्याऐंशीव्या चॅप्टरात, हेडिंग ८४७१. कलाकृती येतात सत्त्याण्णवाव्या चॅप्टरात. मुख्य स्वरूप ठरवावे म्हणून मी आठवडाभर भाचेरावांच्या पाठीशी उभा राहून पाहिले. सोमवारी ते आकडेमोड करीत होते, मंगळवारी रंग भरीत होते, बुधवारी रंग भरण्यासाठी आकडेमोड करीत होते. सबब तिसरे पोटकलम लावले आणि माल सत्त्याण्णवात, म्हणजे कलेत टाकला. समाधानाने चहा घेतला. आणि चहा घेता घेताच आठवले की, हेडिंग ९७०१ मधील चित्र हे ‘सर्वस्वी हाताने काढलेले’ असावे लागते. भाचेरावांचा हात तर उंदरावर असतो.

असला पेच माझ्याच नशिबी आला असे नाही. १९२६ साली ब्रँकुशी नावाच्या रुमानियन शिल्पकाराचा ‘अवकाशातील पक्षी’ न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला, तेव्हा त्यास चोच, पंख, पाय यांपैकी काहीच नसून ती केवळ एक निमुळती, लखलखीत ब्राँझची कांब असल्याचे पाहून तेथील कस्टमच्या अंमलदारांनी ती ‘स्वयंपाकाची भांडी व इस्पितळाचे सामान’ या सदरात टाकली आणि कलाकृतीस माफ असलेली ड्युटी शेकडा ४० दराने वसूल केली. प्रकरण कोर्टात गेले आणि १९२८ साली निकाल शिल्पकाराच्या बाजूने लागला. कलेच्या इतिहासात हा निकाल मोठ्या गौरवाने सांगतात. माझी सहानुभूती त्या अंमलदाराकडे आहे. समोर खोका उघडला आहे, मागे पन्नास खोके उभे आहेत, कागदावर ‘पक्षी’ लिहिले आहे आणि आत कांब आहे. अशा वेळी त्या बिचाऱ्याने काय आकाशाकडे पाहायचे होते?

या प्रकरणाचा उलटा प्रकार दुसऱ्या सत्रात आमच्याच ओसरीवर घडला. तेथे स्वयंपाकाचे भांडे कला म्हणून दाखल झाले. भाचेरावांना संगणकात चहाची किटली घडवण्याचे काम दिले होते. मला वाटले, गुरुजींना चहाची तलफ असावी. पण तसे नव्हते. १९७५ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल या संशोधकाला संगणकावर प्रयोग करण्यासाठी एखादी बाकदार वस्तू हवी होती; बायकोने सुचवले की, आपल्या घरातली चहाची भांडी घ्या. त्याने किटलीचे चित्र आलेखाच्या कागदावर काढले, तिचे बिंदू मोजून संगणकात भरले, आणि तेव्हापासून संगणकी चित्रकलेच्या विद्यार्थ्याचा श्रीगणेशा किटलीने होतो. ती मूळ किटली कॅलिफोर्नियात संगणकाच्या इतिहासाच्या संग्रहालयात ठेवली आहे. एका संशोधकाच्या पत्नीने संसारातली एक वस्तू पुढे केली आणि एक शास्त्र पुढे सरकले. आमच्या घरात अशी सूचना करणाऱ्या बाईला ‘तू गप्प बस’ एवढेच उत्तर मिळाले असते.

तीन आठवडे भाचेराव किटली करीत होते. तिची वळणे ज्या रेषांनी बनतात त्या रेषा रेनो मोटारीच्या कारखान्यातील पिएर बेझिए याच्या नावाने ओळखल्या जातात: चार बिंदू द्यायचे, दोन टोकांचे आणि दोन नुसते खेचणारे, आणि रेषा त्या खेचणाऱ्यांकडे झुकते पण त्यांना शिवत नाही. (हा प्रकार मला घरातल्या एकूण व्यवहारासारखा वाटला, पण मी बोललो नाही.) किटली झाली तेव्हा ती पडद्यावर गरगर फिरू लागली. मातोश्रींना खुर्चीवर बसवून दाखवण्यात आली. त्यांनी चष्मा पुसून दोन फेरे पाहिले, आणि किटली उलटी झाली त्या क्षणी बोट लावले.

“अरं, हिला बूडच नाय. मंग च्या ठेवायचा कुठं?”

भाचेरावांनी हसून सांगितले की, आजी, न्यूएलसाहेबांच्या मूळ आकड्यांतच बूड नव्हते, ते लोकांनी मागाहून बसवले. मी मूळ प्रत घेतली आहे. मातोश्री म्हणाल्या, “तीन आठवडं लायट जाळली नि किटली बिनबुडाची!” आणि उठून गेल्या. भाचेरावांनी त्या रात्री किटलीला बूड लावले. गुरुजींनी ते पाहिलेही नाही.

पुढल्या सत्रात काम आले दहा सेकंदांच्या चित्रपटाचे. विषयाची मुभा होती. भाचेरावांनी पाणज्याच्या पाणथळीवरून उडणारा एक रोहित पक्षी घेतला, म्हणजे वहीच्या मागच्या पानावरचा बगळा शेवटी बापाच्या संगणकात शिरला तो असा. पक्षी सुरेख झाला, माझ्या माहितीतील न्यूयॉर्कच्या पक्ष्यापेक्षा कितीतरी अधिक पक्ष्यासारखा. पाय, पिसे, सगळे जागच्या जागी. पण त्याचा डोळा मेलेला दिसे. आठ दिवस भाचेरावांनी त्यात प्रकाश घातला, सावली घातली, काय काय घातले, पक्षी आपला पेढ्यावर चिकटवलेल्या बदामासारखा बघे. अखेर मी त्यांना पेणला नेले. माझे एक मामेभाऊ तेथे गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणे. साच्यातून मूर्ती कोणीही काढील, अंगाचा रंग बायकापोरे मारतात, पण आखणीला माणूस ठरलेला असतो आणि जुलैपासून त्याचा भाव विचारू नये.

मामेभाऊंनी लॅपटॉपकडे पाहिलेच नाही. त्यांच्यासमोर फळीवर तेरा गणपती आंधळे बसले होते. त्यांनी बारीक कुंचला ओठांत धरून टोकदार केला, डाव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकली, श्वास धरला, आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढली. मग दुसऱ्या डोळ्याची, उलट दिशेने, तितकीच. बुबुळ भरले. शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका, मोहरीएवढाही नव्हे, बुबुळाच्या मध्यावर न देता किंचित वर, एका अंगाला दिला, आणि गणपती आमच्याकडे बघू लागला. भाचेराव म्हणाले, “काका, हा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला का?” मामेभाऊंनी कुंचल्याने नुसते कारखान्याच्या दाराकडे दाखवले. उजेड तिकडून येत होता. परतीच्या एस. टी.त भाचेरावांनी मांडीवर लॅपटॉप उघडून रोहिताच्या डोळ्यातला ठिपका हलवला, आणि घर येण्याच्या आत पक्षी जिवंत झाला.

पुढे त्या पक्ष्याला उडवायचे होते, आणि माझ्या हालांना तेथून प्रारंभ झाला. चित्रपटाच्या एका सेकंदास २४ चौकटी, दहा सेकंदांस २४०. आणि आमच्या लॅपटॉपला एक चौकट रंगवायला दहा मिनिटे. चाळीस तास. भाचेराव या क्रियेस ‘रेंडर लावला’ असे म्हणतात, ज्या सुरात बायका कुकर लावला म्हणतात, आणि त्या अवधीत यंत्राला हात लावायचा नाही, हलवायचे नाही, जवळ मोठ्याने बोलायचे नाही. शनिवारी रात्री आठ वाजता रेंडर लागला. साडेनऊला लॅपटॉप तापला. पावणेदहाला माझ्या उशाचा टेबल फॅन काढून त्याच्या पुढ्यात ठेवण्यात आला. दोन रात्री मी पुठ्ठ्याने वारा घेत, एक पक्षी चिखलातून उडावा म्हणून एकतीस वर्षे नोकरी केलेला मनुष्य घामाने निथळत पडला आहे, या वस्तुस्थितीचा विचार करीत काढल्या.

सोमवारी पहाटे अडीचला वीज गेली. बॅटरीने अर्धा तास तग धरला आणि एकशे सत्याऐंशीव्या चौकटीवर यंत्राने मान टाकली. मी भाचेरावांना सांत्वनपर काहीतरी सांगावे म्हणून फाळक्यांची आठवण काढली. दादासाहेबही चित्रकला शिकायला १८८५ साली जे. जे.त गेलेले, पुढे यंत्राच्या नादी लागलेले. वाटाण्याच्या दाण्याला मोड येऊन वेल वाढेपर्यंत थोडे थोडे टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला तो १९१२ च्या सुमारास, आणि त्यांना तर टेबल फॅनही नव्हता. समोर घारापुरीलाच पाहा, मी म्हटले, समुद्राखालून केबल टाकून तेथे वीज आली २०१८ साली, तोवर त्रिमूर्ती काय थांबली होती? भाचेराव अंधारात जांभई देऊन म्हणाले, “मामा, प्रत्येक चौकट वेगळी साठवलेली असते. वीज आली की एकशे सत्याऐंशीपासून पुढे लावायचं. तुम्ही झोपा.” मी झोपलो नाही. फॅन नव्हता.

या सगळ्या काळात त्यांच्या संगणकशास्त्राच्या अंगाकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते. ते रुक्ष आणि आपल्या आवाक्याबाहेरचे, असे मी धरून चाललो होतो. एके दिवशी प्रात्यक्षिकाच्या वहीत मला एक ओळखीचा आकार दिसला: चार अक्षरे, सहा आकडे, आणि शेवटी चौकोनात एकटा कोंडलेला एक आकडा. कंटेनरचा नंबर! माझ्या हाताखालून असे नंबर किती गेले असतील याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी तो कोंडलेला आकडा मी इमानाने उतरवला, पण त्याला वेगळी खोली का दिली, हे एकतीस वर्षांत ना मी कोणाला विचारले ना कोणी मला सांगितले. अडाण्याच्या अंगठ्यासारखी ती निशाणी मी मान्य केली होती.

भाचेरावांनी समजावले. प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे. ‘ए’ला दहा, मग अकरा गाळून ‘बी’ला बारा, आणि असेच पुढे, बावीस आणि तेहेतीसही गाळायचे. मग पहिल्या जागेच्या किमतीला एकाने गुणायचे, दुसऱ्या जागेच्या दोनाने, तिसऱ्या चाराने, आठाने, सोळाने, असे दुप्पट करीत दहाव्या जागेला पाचशे बाराने. बेरीज करून अकराने भागायचे. जी बाकी उरते ती चौकोनात. कारकुनाने एखादा आकडा चुकवला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटेपालटे केले, की बाकी जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. मी काही वेळ बोललो नाही. १९९८ साली मी एका नंबरात आठाच्या जागी सहा लिहिला होता. माल नऊ दिवस अडकला, डेमरेज चढले, आणि मालकांनी सर्व पेढीदेखत मला जे शब्द ऐकवले त्यांत माझ्या दिवंगत वडिलांचाही उल्लेख होता. त्या नऊही दिवस उत्तर कंटेनरच्या दारावर, चौकोनात, वीतभर अक्षरात लिहिलेले होते.

हल्ली मी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभा राहतो. ट्रेलरची रांग लागलेलीच असते, आणि लहानपणी मास्तरांनी छडीच्या जोरावर घोटून घेतलेले पाढे अद्याप शाबूत आहेत; सिग्नल सुटण्याच्या आत एक नंबर तोंडी तपासून होतो. ड्रायव्हर लोक मला कोणी सरकारी माणूस समजून कागद पुढे करतात. आजवर एकही बाकी चुकलेली आढळली नाही, याचा थोडा विषाद वाटतो.

परवा एका शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि मुदतीचा शेवटचा दिवस होता. ‘शाखा’ या रकान्यात चार पर्याय होते: कला, वाणिज्य, विज्ञान, इतर. एकाच ठिकाणी खूण करायची. भाचेरावांनी माझ्याकडे पाहिले. मी क्षणाचाही विलंब न लावता तिसरे पोटकलम सांगितले: क्रमात शेवटचे. त्यांनी ‘इतर’वर खूण केली, आणि खाली एक नवा रकाना उघडला: तपशील द्यावा, कमाल २० अक्षरे.

भाचेरावांनी ‘संगणकशास्त्र व डिजिट’ एवढे लिहिले आणि यंत्राने पुढे लिहू दिले नाही. ‘कला’ बाहेरच राहिली. मी म्हटले, वीस अक्षरे अजून कोठे झाली? ते म्हणाले, “मामा, याला काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडला तरी वेगळा. मधली रिकामी जागासुद्धा धरतो. एवढ्यातच वीस झाली.” आम्ही संक्षेप करून पाहिले. ‘सं. व डि. क.’ हे एखाद्या रोगासारखे दिसू लागले. साडेअकरा वाजले होते, मुदत बाराला संपत होती, आणि आतल्या खोलीतून मातोश्री, ज्या झोपल्या आहेत अशी आमची समजूत होती, म्हणाल्या:

“लिव, बिनबुडाची किटली.”

मी हसलो. भाचेराव हसले नाहीत. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, काना, वेलांटी, उकार, मधली जागा, आणि पंधरावर थांबले.

“मामा,” ते म्हणाले, “बसतंय.”